असंख्य : अर्थ दुसरा

३ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. कोशाच्या कचेरीत तीस वर्षं शब्द निवडत बसलेल्या माणसाला सख्ख्या बहिणीला काय म्हणून हाक मारावी ते सुचेना. शेवटी नुसतं ताई लिहिलं. ते अजून चालतं की नाही, हे तू उत्तर दिलंस तर कळेल.

हे पत्र कामाचं आहे असं समज. आमच्या कोशाचा पहिला खंड, अख्खा 'अ'चा, विकून संपला. त्याची दुरुस्त आवृत्ती निघते आहे. पानं पंधरा फेब्रुवारीला छापखान्यात जातील. त्याआधी चुकलेल्या नोंदींची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे, आणि त्या यादीत 'असंख्य' ही नोंद मी स्वतः घातली आहे. त्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाखाली तुझ्या पत्रातलं वाक्य छापलं गेलं. तुला न विचारता. छापलं मी.

आमच्याकडे उदाहरण मनाने रचता येत नाही. कुणीतरी, कुठेतरी, कोशाचा विचारही मनात नसताना लिहिलेलं हवं. छापील काही हाती लागलं नाही तर घरची पत्रं चालतात. खाली 'खा. प.' टाकायचं, म्हणजे खासगी पत्र. नाव नाही, गाव नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या आत्या-माम्या अशा कोशात जाऊन बसल्या आहेत. एकाचे सासरे 'अक्कल' या शब्दाखाली आहेत, आणि त्यांना ते अजून कळलेलं नाही. तुझं वाक्य त्याच रीतीने गेलं, एवढंच मला म्हणायचं आहे.

ते काढायचं तर एक अडचण आहे. ज्याचं वाक्य त्याचा लेखी आक्षेप असल्याशिवाय आमच्या मुख्य संपादक बाई उदाहरणाला हात लावू देत नाहीत. सोबत एक कागद ठेवला आहे. मजकूर मी लिहून ठेवलाय, तू फक्त सही करून पाठव. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक. आई गेली त्या दिवशी फोन माझ्याजवळ नव्हता हे तुला माहीतच आहे. कार्डांच्या खोलीत, म्हणजे शब्दांची उदाहरणं उतरवून ठेवतो तिथे, फोन नेता येत नाही, दाराशी खणात ठेवून जावं लागतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पुन्हा सांगतो, कारण तुझ्या मनात काही राहू नये.

भावजींना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुझा
धाकटा

&nbsp;

१२ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही, पण काल भाचीचा फोन आला. तिला वाटलं मला बरं नाही, म्हणून मी पत्र लिहिलं. चांगली पोर आहे. म्हणाली, "मामा, आईने तुमचं पाकीट उघडलं, वाचलं आणि फ्रिजवर ठेवलं. त्यावर आता लिंबं आहेत."

मी विचारलं, "काही म्हणाली?"

"लगेच नाही. जेवताना म्हणाली."

"काय?"

मी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "म्हणाली, त्याने आईला टिंबांत घातलं."

ते मला लगेच कळलं. तुलाही माहीत आहे की मला कळेल, म्हणूनच तू तसं म्हणालीस. तुझं मूळ वाक्य असं होतं: 'मी तुला असंख्य वेळा फोन केला, आई सारखी तुझं नाव घेत होती, तू एकदाही उचलला नाहीस.' कोशात ते असं आलं: 'मी तुला असंख्य वेळा फोन केला... तू एकदाही उचलला नाहीस.' मधलं गाळलं. गाळलेल्या जागी तीन टिंबं देणं हा आमचा प्रामाणिकपणा. उदाहरण दीड ओळीच्या वर जाऊ द्यायचं नाही असं बंधन आहे. आई त्या दीड ओळीत बसत नव्हती.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण तू मला निर्दय समजू नकोस. त्या दुपारी माझ्या पुढ्यात 'असंख्य'ची एकोणपन्नास कार्डं होती आणि एकही कामाचं नव्हतं. असंख्य तारे, असंख्य लाटा, असंख्य केस. हा पहिला अर्थ: ज्यांची मोजणी होऊ शकत नाही असे. त्याला उदाहरणांचा सुकाळ. मग भाषणातलं आणि निमंत्रणपत्रिकेतलं असंख्य. आमच्याच कोशाच्या शुभारंभाच्या पत्रिकेत 'असंख्य भाषाप्रेमींच्या उपस्थितीत' असं छापलं होतं. सभागृहात चाळीस खुर्च्या होत्या, त्यातल्या अकरा रिकाम्या. त्याला आम्ही 'अतिशयोक्तीने' असा शेरा मारून मोकळे झालो.

पण मला रोजच्या बोलण्यातलं असंख्य हवं होतं. तुला असंख्य वेळा सांगितलं, ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस. इथे मोजणं शक्य असतं. बोलणाऱ्याला कुणी मोजायला बसवलं तर तो बारा म्हणेल, पंधरा म्हणेल. पण मोजता मोजता त्याचा जीव थकलेला असतो आणि त्याने मोजणं सोडून दिलेलं असतं. हा दुसरा अर्थ कुठल्याच जुन्या कोशात नव्हता. तो मला सापडला, आणि मला त्याचा आनंद झाला, ताई. खोटं कशाला सांगू. आणि त्याला पुरावा द्यायचा म्हणून मी खिशात हात घातला. तुझं पत्र माझ्या खिशात आठ महिने होतं. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

कार्डावर ते वाक्य उतरवून काढलं तेव्हा मला बरं वाटलं. पत्रात होतं तोवर ते मला उद्देशून होतं. कार्डावर ते कुणाचंच राहिलं नाही.

भाची ती शिकवते त्या शाळेच्या वाचनालयात 'असभ्य' बघायला जाईल, वर्गातल्या मुलांनी विचारलं म्हणून, आणि दोन पानं आधी तिची नजर पडेल, हे मला कसं कळणार होतं?

सहीचं मनावर घे. लिंबं बाजूला ठेव.

धाकटा

&nbsp;

१३ जानेवारी

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभा राहिलो. टपाल न्यायला येणाऱ्या माणसाला म्हटलं, एक पत्र परत मिळेल का. तो म्हणाला, "साहेब, एकदा टाकलं की आमचं." बरोबरच आहे त्याचं.

दोन पानं मी एका शब्दाचा कीस काढत बसलो आणि आईबद्दल एक ओळही धड लिहिली नाही. पत्र आलं की ती दोन पानं फाडून टाक. टॉवेलबद्दल तर तू वाचूच नकोस.

&nbsp;

२४ जानेवारी

ताई,

आज बाईंकडे गेलो होतो. आमच्या मुख्य संपादक बाई तुला माहीत नाहीत. बहात्तर वर्षांच्या आहेत. कचेरीत त्यांना सगळे पूर्णविराम म्हणतात, कारण त्या बोलल्या की चर्चा संपते. हे नाव त्यांना ठाऊक आहे आणि मला वाटतं आवडतंही.

मी म्हटलं, "बाई, आक्षेप यायला वेळ लागेल. आपणच ते उदाहरण वगळू या. दुसऱ्या अर्थासकट."

"अर्थ चुकीचा आहे?"

"नाही."

"उदाहरण खोटं आहे?"

"नाही, पण ते माझ्या बहिणीचं आहे आणि तिला त्रास होतो."

"तिला होतो की तुम्हाला?" त्यांनी चष्मा काढला. "बहिणीला होत असेल तर तिला दोन ओळी लिहू द्या, मी आज काढते. तुम्हाला होत असेल तर मी का काढू? लोकांनी लिहिलेलं आपण ठेवतो. आपल्याला बोचतं ते काढायला लागलो तर मागे काय उरेल?"

मी उठायला लागलो. त्यांनी बसा म्हटलं.

"तुम्ही नोंदीत लिहिलंय, बोलणाऱ्याने मोजणे सोडून दिलेले. बोलणाऱ्याने, हे ठीक. आणि ज्याला उद्देशून बोललं जातं, त्याचं काय? त्याला आकडा माहीत असू शकतो का?"

"असू शकतो."

"मग नोंदीत यायला हवं ते." चष्मा लावून त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी समोरच्या टेबलाशी होते. तुमचा फोन टेबलावर थरथरत होता. मीच म्हटलं होतं तुम्हाला, उचला नाहीतर बाहेर खणात ठेवून या. तुम्ही त्यावर कार्डांचा गठ्ठा ठेवलात."

त्यांनी पुढचं मुद्रित ओढलं आणि वाचायला लागल्या. मी कधी उठलो ते मला आठवत नाही.

तेव्हा ताई, फोन खणात नव्हता. चार वर्षं मी तुला, भावजींना, भाचीला, आई गेल्यावर भेटायला आलेल्या शेजारणींना एकच गोष्ट सांगत आलो. सांगून सांगून ती इतकी पक्की झाली की मला तो खण दिसायचा, त्यात माझा फोन उताणा पडलेला दिसायचा. नियम खरा आहे. त्या दिवशी मी तो मोडला होता.

बाकीचं पुढच्या पत्रात लिहितो. आज होणार नाही.

धाकटा

&nbsp;

२ फेब्रुवारी

ताई,

नऊ दिवस टाळाटाळ केली. आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून खाडाखोड न करता लिहितो.

आपलं भांडण तुला आठवतं, तसंच मलाही. वर्षातले चार महिने आईला मी न्यायचं असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी घर लहान म्हणून नेलं नाही. दुसऱ्या वर्षी जिना चढवणार नाही म्हणून. तिसऱ्या वर्षी कारण सांगायचे कष्टही घेतले नाहीत, नुसतं 'खंड पूर्ण होऊ दे' म्हटलं. तू म्हणालीस, "तुझा खंड आणि आईचा श्वास, बघू कोण आधी संपतं." तेव्हापासून पाच आठवडे मी तुझ्याशी बोललो नव्हतो. तू फोन केलास की मला ठाऊक असायचं, आता ही पाढा वाचणार. औषधं, ऑक्सिजनचा सिलिंडर, पाठीची जखम, रात्रीचं जागरण, आणि शेवटी, "तू कधी नेतोस?" तुझं सगळं खरं होतं. म्हणूनच ऐकणं जिवावर यायचं.

तो मंगळवार होता. आम्ही 'अवजार'वर होतो. फोन मी टेबलावर ठेवला, कारण भावजींचा फोन आला तर घ्यायचा असं ठरवलं होतं. भावजी नेहमी थोडक्यात बोलतात आणि काही मागत नाहीत. अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा वाजला. तुझं नाव. मी आवाज बंद केला आणि फोन पालथा घातला. पाच मिनिटांनी दुसरा. लगेच तिसरा. मग थोडा वेळ गेला आणि पुन्हा सुरू झालं. पालथा फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकायचा, मी तो बोटाने परत आत ओढायचो. मग त्यावर गठ्ठा ठेवला. मग गठ्ठा थरथरायला लागला.

मला राग येत होता, ताई. काळजी नाही, राग. मनात म्हणत होतो, किती चिवटपणा! एकदा नाही उचलला की माणसाने समजून घ्यावं. ही मुद्दाम करते आहे, मला हरवायला.

दीडच्या सुमारास थांबले. वीस-बावीस मिनिटं काही नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. डबा खाल्ला. भूक लागली होती, नीट जेवलो, हेही लिहून टाकतो. मग दोनच्या आत पुन्हा सुरू. आता वेळ जास्त जात होता मध्ये. शेवटचा दोन वाजून चोवीस मिनिटांनी. तो एकदाच थरथरला आणि बंद झाला. मी म्हटलं, थकली एकदाची. खरं सांगायचं तर मी जिंकलो असंच वाटलं.

मग फोन गठ्ठ्याखालून काढून सरळ ठेवला. तीन वाजून पाच मिनिटांनी भावजींचा नंबर आला. तो मी पहिल्याच थरथरीला उचलला. ते म्हणाले, "आई गेल्या. पावणेतीनला." मी म्हटलं, "आलोच," आणि गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. कार्डं क्रमाने लागली आहेत का, तेही बघितलं.

बसमध्ये बसल्यावर फोन उघडला. न उचललेल्या फोनांची यादी असते त्यात, वेळेसकट. मी मोजले. दोनदा मोजले. सत्तावीस.

तू पत्रात असंख्य लिहिलंस. मला आकडा माहीत होता. आठ महिने तुझं पत्र खिशात घेऊन हिंडलो ते उत्तर सुचत नव्हतं म्हणून नव्हे. तू असंख्य म्हणालीस याचा मला आधार वाटायचा. असंख्य म्हटलं की सगळं कसं धूसर होतं, कुणाला हिशेब विचारता येत नाही. सत्तावीस म्हटलं की एकेक समोर येऊन उभा राहतो. सत्तावीस वेळा मला संधी होती. सव्विसाव्याला उचलला असता तरी चाललं असतं.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. पण तू मला काहीतरी म्हण. शिव्या दे, नाव टाक. मला रोज कचेरीत जाऊन 'आ'च्या खंडावर बसावं लागतं. आई हा शब्द येतो आहे. त्याची कार्डं आली आहेत, दोन पेट्या भरून. मी अजून झाकण उघडलेलं नाही.

दुःख असंख्य नसतं, ताई. आमच्याकडे त्याला अमाप म्हणतात. मोजायची वस्तू वेगळी आणि मापायची वेगळी. हे माझ्याहून चांगलं कुणाला माहीत असणार, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

तुझा भाऊ

&nbsp;

८ फेब्रुवारी

ताई,

सात दिवस राहिले. बाईंनी आज पुन्हा विचारलं, "बहिणीचं काही?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग पान जाऊ दे तसंच?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच माहीत नाही.

भाचीला फोन केला. तिने सांगितलं की तू माझं मागचं पत्र वाचलंस, मग वर गच्चीत गेलीस आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाहीस. भावजी वर जाऊन बघून आले. तू कपडे वाळत घालत होतीस, ओले नव्हते तेही.

मला त्या कागदावरची सही नको. सहीचं निमित्त होतं. तुझ्या हातचं काहीही चालेल. कोऱ्या कागदावर नुसतं 'मिळालं' लिहिलंस तरी चालेल.

धाकटा

&nbsp;

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

मिळालं.

तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही. जे झालं ते लिहिते. तुझे भावजी म्हणाले लिहू नकोस, त्याला झेपणार नाही. चार वर्षं मीही तेच म्हणत होते. पण तू सगळं लिहिलंस, वेळा घालून लिहिलंस, आता माझ्याने पोटात ठेवणं होत नाही.

त्या दिवशी आई सकाळपासून शुद्धीवर होती. बऱ्याच दिवसांनी इतकी चांगली होती. चहा मागितला. म्हणाली, धाकट्याशी बोलायचंय. मी तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. आणखी दोनदा लावला. मग सिलिंडर संपत आला म्हणून मला बाहेर जावं लागलं. हे डॉक्टरांकडे गेले होते. मी फोन आईच्या हातात दिला आणि हिरवं बटण दाखवलं. म्हटलं, हे दोनदा दाबायचं, त्याने उचलला की बोल. ती म्हणाली, मला येतं.

पुढचे सगळे तिने केले.

मी सिलिंडर घेऊन आले तेव्हा ती फोन कानाला लावून बसली होती. मी म्हटलं, नाही उचलत का? म्हणाली, "कामात असेल. वाजतंय पण. वाजतंय म्हणजे तिथेच आहे तो." मी नळी बसवली, पाणी गरम केलं, चादर बदलली. मी येत जात होते आणि ती दाबत होती. मध्ये वीस मिनिटं थांबले, तुला सुटल्यासारखं वाटलं, तेव्हा तिला डुलकी लागली होती. फोन छातीवर ठेवून झोपली होती. जागी झाली आणि पहिलं ते बटण दाबलं.

शेवटचा एकदाच वाजून बंद झाला असं तू लिहितोस. थकून बंद केला नव्हता. तिच्या हातातून खाली पडला. मी उचलून परत तिच्या हातात दिला, पण तिची बोटं मिटली नाहीत.

तू जिंकलास म्हणतोस. तुझ्याशी कुणी भांडत नव्हतं रे.

मी पत्रात 'मी फोन केला' असं लिहिलं, कारण माझ्यावर तू चिडलेला होतास, माझे फोन न उचलणं तुला जमण्यासारखं होतं. तिचे होते हे कळलं असतं तर तू जगला नसतास, असं मला तेव्हा वाटलं. आता इतकं सगळं तू सोसतोयस म्हणतोस, तर हेही सोस. मला एकटीला आता हे धरून ठेवता येत नाही.

कोशात माझं वाक्य बघून मी चिडले ते टिंबांसाठी नाही. टिंबांचं मी तोंडाला आलं म्हणून बोलले. चिडले ते वेगळ्यासाठी. ती खोटी ओळ होती, तुला सांभाळायला लिहिलेली, आणि तू ती खरी म्हणून छापलीस. आता शाळेतली पोरं ती वाचतात.

आणि असंख्य का लिहिलं ते सांगते. तुझ्या अर्थात ते बसत नाही. मी मोजता मोजता थकले नव्हते. मी मोजलेच नव्हते. तो फोन मी त्या दिवसानंतर सुरूच केला नाही, ह्यांना सांगून टाकून दिला. किती वेळा तिने बटण दाबलं हे मला माहीत नव्हतं आणि मला ते कधी कळू नये अशी माझी इच्छा होती. पाच असतील, पन्नास असतील. माहीत नव्हतं म्हणून मी जेवत होते, झोपत होते, पोरीच्या लग्नाचं बघत होते.

तू आकडा लिहून पाठवलास. मला विचारलं नाहीस, पाहिजे का म्हणून.

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. वाक्य ठेव नाहीतर काढ, मला त्याचं काही नाही. पुन्हा पत्र पाठवू नकोस, पाठवलंस तर मी उघडणार नाही. मी लिहिलं होतं तेव्हा असंख्य होते. आता सत्तावीस झाले. त्यातले पहिले तीन माझे. भांडी घासताना, कपडे झटकताना मी चारपासून मोजायला लागते, आणि सत्तावीसला तिच्या हातातून फोन पडतो.

ताई